३१६एलचा प्रिंट केलेला इम्पेलर: खरखर कुठून येते, किती माल काढायचा आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत समुद्राचं पाणी खेचणाऱ्या एका पंपाच्या जुन्या ओतीव इम्पेलरचं पॅटर्न मिळेना, म्हणून ३१६एल स्टेनलेसमध्ये बंद इम्पेलर (दोन तबकड्यांच्या मध्ये पाती असलेलं, पाणी फेकणारं चाक) लेझर पावडर बेड पद्धतीने, म्हणजे धातूची पावडर थराथराने लेझरने वितळवून, प्रिंट करून घेतला. व्यास १४० मिमी, पाच पाती, पाणी बाहेर पडण्याच्या वाटेची रुंदी ८ मिमी. हातात आला तेव्हा आरए, म्हणजे पृष्ठभागाची सरासरी खरखर, १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) होता. काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग केलं, वरून बफ मारला, तरी आरए ५ च्या खाली उतरेना. पावसाळ्यात पंप चालू केल्यावर दोन महिन्यांत तांबूस ठिपके उठले. आरए १.६ कसा आणायचा, आणि ठिपके का आले?

दोन्हींचं कारण एकच आहे. काचमण्यांच्या ब्लास्टिंगने आणि बफने माल फारसा निघत नाही, तो दबतो. प्रिंट केलेल्या पार्टला फिनिश आणायचा म्हणजे वरचा खराब थर मोजून, पुरता काढून टाकायचा. किती काढायचा हे प्रिंटच्या आधी ठरलेलं असावं लागतं, कारण तेवढा माल ड्रॉइंगमध्ये जास्तीचा ठेवावा लागतो. हा हिशेब न करता आलेल्या जॉबवर मागाहून कितीही राबलं तरी एकतर खरखर राहते किंवा माप जातं.

आधी हा थर नेमका कशाचा आहे ते बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन इम्पेलरची उभी बाजू तिरक्या उजेडात धरा. रवाळ गोळे चिकटलेले दिसतील, काही सुटे, काही अर्धे रुतलेले. ती न वितळलेली पावडर आहे. या पद्धतीत पावडरचा कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा असतो. लेझर कडेची रेषा वितळवतो तेव्हा शेजारचे कण पूर्ण वितळत नाहीत, पण तापून भिंतीला धरून बसतात. म्हणून अगदी उभ्या भिंतीवर, जिथे थरांच्या पायऱ्या नसतात, तिथेही आरए ६ ते १० मायक्रॉन सहज भरतो.

तिरक्या भागावर यात पायऱ्यांची भर पडते. पृष्ठभाग आडव्याशी जो कोन करतो त्याच्या कोसाइनला थराच्या जाडीने गुणलं की पायरीची उंची मिळते, आणि तिचा चौथा भाग म्हणजे नुसत्या पायऱ्यांमुळे येणारा आरए. थर ४० मायक्रॉन आणि कोन ६० अंश असेल तर उंची २० आणि आरए ५. कोन ३० अंश असेल तर उंची साडेचौतीसच्या आसपास आणि आरए जवळपास ९. थर ६० वरून ३० मायक्रॉनवर आणला की पायऱ्या निम्म्या होतात, पण थरांची संख्या दुप्पट होते आणि मशीनचं बिलही त्याच मापाने वाढतं. इम्पेलरसारख्या, नंतर बराचसा माल काढायच्याच जॉबला ४० मायक्रॉन पुरे.

सगळ्यात वाईट असते ती खाली तोंड करून छापलेली बाजू. तिच्याखाली घट्ट धातू नसतो, सुटी पावडर असते. पावडरमधून उष्णता नीट वाहून जात नाही, वितळलेला धातू खाली बसतो, थेंब लोंबतात. आडव्याशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन असलेल्या अशा बाजूवर आरए २० ते ३० सहज होतो. तुमचा इम्पेलर आडवा, तोंड वर करून छापलेला असेल तर वरच्या तबकडीची आतली बाजू नेमकी हीच आहे, आणि पाण्याची वाटही नेमकी तिथूनच जाते. बाहेर आरए १२ मोजला आणि आतही तेवढाच धरला, तर तो अंदाज चुकीचा आहे.

मोजण्याबद्दल दोन शब्द, कारण निम्मे वाद इथेच होतात. हातात धरायच्या रफनेस टेस्टरवर कट-ऑफ (एका वेळी हिशेबात घ्यायची लांबी) ०.८ मिमी ठेवून खरखरीत प्रिंट मोजला की आकडा खोटा कमी येतो. आयएसओ ४२८८ च्या १९९६ च्या कोष्टकाप्रमाणे आरए ०.१ ते २ साठी कट-ऑफ ०.८ मिमी, २ ते १० साठी २.५ मिमी आणि १० च्या वर ८ मिमी. त्या मानकाची जागा २०२१ मध्ये आयएसओ २१९२० मालिकेने घेतली, पण वर्कशॉपमध्ये अजून हेच आकडे चालतात आणि कामाला पुरतात. पाच कट-ऑफची लांबी लागते, म्हणजे ८ मिमीला ४० मिमी. पात्यावर तेवढी सरळ जागा नसेल तर कमी लांबी घ्या, पण रिपोर्टवर तसं लिहा. सुई नेहमी थरांना आडवी, छपाईच्या उंचीच्या दिशेने फिरवा. आणि आरएसोबत आरझेड मागा. प्रिंटमध्ये आरझेड हा आरएच्या सहा-सातपट असतो: आरए १२ म्हणजे शिखरापासून दरीपर्यंत ७० ते ८० मायक्रॉन. माल किती काढायचा हे आरझेड सांगतो.

त्याच्याही खाली एक धोका दडलेला असतो. मशीन आधी आतला भाग रेषारेषांनी भरते आणि कडेने एक-दोन फेऱ्या मारते. भरणीच्या रेषा जिथे कडेच्या फेरीला मिळतात तिथे, पृष्ठभागाखाली साधारण १०० ते २०० मायक्रॉनवर, बारीक पोकळ्यांची रांग राहू शकते. माल काढत बरोबर त्या रांगेवर येऊन थांबलात तर आधी गुळगुळीत वाटणाऱ्या पार्टवर अचानक टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. म्हणून प्रिंट करणाऱ्याकडून त्याच प्लेटवर, त्याच सेटिंगने छापलेला १० बाय १० बाय २० मिमीचा कूपन, म्हणजे नमुन्याचा तुकडा, मागून घ्या. तो आडवा कापा, पॉलिश करा आणि पन्नास ते शंभरपट मोठा करून कड बघा. रांग दिसली तर तिच्या पार जाईल एवढा माल काढायचा किंवा प्रिंट करणाऱ्याला सेटिंग सुधारायला लावायचं. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगने, म्हणजे तापवून चहूबाजूंनी वायूचा दाब देऊन, आतल्या बंद पोकळ्या मिटतात, पण पृष्ठभागाला तोंड फुटलेली पोकळी मिटत नाही, कारण दाबाचा वायू तिच्या आतच शिरलेला असतो.

आता तुमच्या ब्लास्टिंगकडे. १०० ते २०० मायक्रॉनचे काचमणी २ ते ४ बारवर मारले की चिकटलेले सुटे गोळे गळतात आणि आरए झपाट्याने निम्म्यावर येतो. त्यानंतर मात्र शिखरं नुसती चेपली जाऊन दऱ्यांवर आडवी पडतात. जांभ्याच्या चिऱ्यावर पातळ गिलावा मारावा तसं होतं: वरून एकसारखं दिसतं, आत छिद्रं तशीच. त्या चेपलेल्या पापुद्र्याखाली पावडर, ब्लास्टिंगची धूळ आणि पुढे खारं पाणी अडकतं. कितीही वेळ मण्यांचा मारा केलात तरी ५ च्या खाली न उतरण्याचं कारण हे. बफने तो पापुद्रा चकाकतो, एवढंच.

ब्लास्टिंग करूच नये असं नाही, त्याची जागा ओळखावी. पहिल्या साफसफाईला १०० मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे १२० नंबरचा अॅल्युमिना ३ ते ४ बारवर, नोझल १०० ते १५० मिमी लांब आणि साधारण ६० अंशांत तिरका धरून मारा. अॅल्युमिनाला धार असते, तो गोळे तोडतो. काचमणी राखून ठेवायचे ते शेवटी एकसारखी मॅट झाक हवी असलेल्या पार्टसाठी. १ मिमीपेक्षा पातळ भिंतीवर एकाच बाजूने मारा केला तर ती वाकते.

तांबूस ठिपक्यांचं एक मोठं कारण ब्लास्टिंगच्या कॅबिनेटमध्येच असतं. ज्या मण्यांनी आधी माइल्ड स्टीलचे जॉब साफ केले त्याच मण्यांनी स्टेनलेस मारलं की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात, आणि पहिल्या दमट रात्री गंजतात. कास्ट आयर्नची ग्रिट किंवा स्टीलचा शॉट तर स्टेनलेसला लावूच नये. किनाऱ्यावरची वाळू चाळून मारणं हा प्रकारही कटाक्षाने टाळा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. शिवाय वाळूत मीठ असतंच. आणि वाळूच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. नोझल धरणाऱ्या माणसाच्या छातीपेक्षा कुठलाही फिनिश महत्त्वाचा नाही.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी हा वेगळाच ताप. जून ते सप्टेंबर टाकीत रोज पाणी साठतं. सकाळी आणि दुपारी निचरा सोडा, लाइनला रेफ्रिजरेटेड ड्रायर बसवा. नाहीतर अॅल्युमिनाचे गठ्ठे होतात, नोझल ठसकत चालतं आणि पृष्ठभागावर पट्टे उमटतात. मीडिया, म्हणजे ब्लास्टिंगचे दाणे, उघड्या पोत्यात ठेवू नका, झाकणाच्या बादलीत ठेवा.

यापुढचा इम्पेलर पहिल्यापासून नीट करायचा तर क्रम असा ठेवा. ड्रॉइंगवर सगळीकडे एकच आरए लिहू नका. वेअर रिंगची (केसिंगशी बारीक फट राखणाऱ्या कड्याची) जागा ०.८, बोअर (शाफ्ट बसायचं भोक) १.६, दोन्ही तबकड्यांची बाहेरची बाजू १.६ ते ३.२, आणि पाण्याची वाट व पाती ३.२. वाळूच्या साच्यातल्या ओतीव इम्पेलरच्या वाटेत आरए १२.५ किंवा त्याहून जास्त असतो आणि पंप त्यावर वर्षानुवर्षं चालतात. आतून आरसा करायच्या मागे लागलात तर पैसे जातील आणि पात्याची जाडीही जाईल. ३.२ च्या खालचा हट्ट आत धरू नये, हे माझं स्पष्ट मत.

जास्तीचा माल: लेथवर घ्यायच्या सगळ्या जागी ०.५ मिमी, आतल्या वाटेला प्रत्येक बाजूने ०.१५ मिमी. म्हणजे ८ मिमीची वाट ७.७ मिमीची छापायची आणि पातं ०.३ मिमीने जास्त जाड. इम्पेलर आडवा न छापता ४५ अंशांत कलता छापायला सांगा. मग तबकडीची आतली बाजू आडवी राहत नाही, आत सपोर्ट लागत नाहीत, आणि जे सपोर्ट लागतात ते बाहेरच्या, पुढे लेथवर जाणाऱ्या बाजूला पडतात. काम करणाऱ्या पृष्ठभागावर सपोर्ट आला तर तिथे ०.२ ते ०.५ मिमीचे कोंब राहतात आणि ते कानशीनेच काढावे लागतात. खाली तोंड असलेल्या भागांसाठी वेगळी सेटिंग वापरता का, हे प्रिंट करणाऱ्याला विचारा. तो गोंधळला तर दुसरा बघा.

छपाई झाली की भट्टीच्या आधी पावडर पूर्ण बाहेर आली पाहिजे. ही पायरी घाईत उरकली जाते आणि तिचं नुकसान भरून निघत नाही, कारण आत उरलेली पावडर भट्टीत सिंटर होऊन वाटेलाच चिकटते. प्लेट उलटी करून कंप द्या, प्रत्येक वाटेतून हवा मारा, आणि समोर पांढरा कागद धरा. कागदावर करडे ठिपके पडायचे पूर्ण थांबले की मगच पुढे. हे बंद कॅबिनेटमध्ये, चांगला रेस्पिरेटर लावून करायचं. ३१६एलला व्हॅक्यूम किंवा आरगॉनमध्ये १०४० ते ११०० अंश सेल्सिअसवर सोल्यूशन अॅनीलिंग आणि मग वेगाने थंड करणं, म्हणजे आतला ताण निघतो. ते प्लेटवर असतानाच करा, नाहीतर वायरकटने सोडवताक्षणी आतला ताण पार्टला वाकवतो.

बाहेरच्या बाजूसाठी पॉलिशिंगच्या नाना युक्त्या शोधत बसायची गरजच नाही. इम्पेलरची बाहेरची बाजू गोल आहे, ती लेथची आहे. मिरजोळे असो, खेर्डी असो की कुडाळ, कोकणातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत चांगला टर्नर हे काम करून देईल. त्याला एवढंच सांगा की पहिला काप ०.३ ते ०.४ मिमीचा घे, म्हणजे टोक खरखरीत सालीच्या खाली चालेल. ३१६एल घासला गेला की कडक होतो, ०.०५ मिमीचे भित्रे काप घेतले तर इन्सर्ट सालीवर घसरत राहतो, झिजतो आणि पृष्ठभाग चकचकीत पण फाटका निघतो. नोज रेडियस (इन्सर्टच्या टोकाची गोलाई) ०.८ मिमी आणि फीड (एका फेऱ्यातली सरक) ०.१५ मिमी धरला तर फीडच्या वर्गाला बत्तीसपट रेडियसने भागून हिशेबी आरए ०.९ मायक्रॉन येतो, प्रत्यक्षात १.६ च्या आत बसतो. वेअर रिंगच्या जागी फीड ०.०८ ते ०.१ वर आणा. तबकडी पातळ असेल तर मागून टेकू द्या, नाहीतर थरथरीच्या खुणा उमटतात. बोअर आणि वेअर रिंगचं शेवटचं माप मात्र आत्ता काढू नका, ०.२ मिमी ठेवा.

आतल्या वाटेला उत्तर एकच चांगलं आहे: अॅब्रेसिव्ह फ्लो. सिलिकॉन कार्बाइडचे दाणे मिसळलेली पुट्टीसारखी घट्ट पॉलिमरची लगदी दाबाने वाटेतून पुढे-मागे ढकलतात, आणि ती जाता जाता भिंती खरवडते. प्रत्येक बाजूने ०.१ ते ०.१५ मिमी माल काढला की १२ ते १५ चा आरए २ ते ३ वर येतो. दोन गोष्टी सांभाळा. लगदी जिथे वळते आणि आवळली जाते तिथे जास्त खाते, म्हणजे पात्याची पुढची धार आणि तोंडाजवळची कड. म्हणून तिथे आणखी ०.१ मिमी माल ठेवा. आणि खाली तोंड असलेल्या बाजूचे मोठे लोंबते थेंब लगदी गुळगुळीत करते, काढत नाही. त्यासाठीच कलती छपाई आधी सांगितली. काम संपल्यावर लगदी पूर्ण धुवून काढून घ्या. कोपऱ्यात राहिलेला तुकडा पुढच्या प्रत्येक रसायनाला अडवतो.

आता इलेक्ट्रोपॉलिशिंग, म्हणजे आम्लाच्या बाथमध्ये विजेने वरचा माल विरघळवणं, कारण प्रश्न विचारणारे बहुतेक जण हेच आधी धरतात. ३१६एलसाठी ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आणि ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक अॅसिड, आकारमानाने साधारण ६०:४०, तापमान ५५ ते ७५ अंश, पार्ट पॉझिटिव्हला, प्रति चौरस डेसिमीटर २० ते ३० अॅम्पियर. फॅरेडेच्या नियमाने २५ अॅम्पियरला मिनिटाला साडेतीन मायक्रॉनच्या आसपास माल निघायला हवा, प्रत्यक्षात अडीच ते तीन निघतो. नेहमीच्या पाइप-फिटिंगला पाच मिनिटांची बुडी देतात, त्यात १५ मायक्रॉनही जात नाहीत. आरझेड ७५ असलेल्या प्रिंटवर याचा परिणाम इतकाच की तोच खडबडीतपणा चमकायला लागतो. लेथवर न जाणारा, वेड्यावाकड्या आकाराचा प्रिंट फक्त याच पद्धतीने सुधारायचा तर ८० ते १०० मायक्रॉन काढावे लागतात, म्हणजे अर्धा तास किंवा जास्त, आणि तेवढा माल आधी ठेवावा लागतो. तरीही लांब पल्ल्याच्या लाटा जात नाहीत. बारीक शिखरं जातात.

तुमच्या इम्पेलरला लेथ आणि लगदीनंतर २५ ते ३० मायक्रॉन पुरे. तेवढ्यात रुतलेले दाणे आणि चेपलेला पापुद्रा निघून खालचा स्वच्छ धातू उघडा पडतो. बाहेरचं क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस डेसिमीटर धरा, म्हणजे ७५ अॅम्पियरचा रेक्टिफायर. १० व्होल्टला ही ७५० वॅटची उष्णता झाली. २० लिटरच्या टाकीत ती १० मिनिटांत बाथ सहा-सात अंशांनी तापवते, म्हणून थंड करायची सोय ठेवा किंवा पाच-पाच मिनिटांच्या खेपा करा. प्रत्येक खेपेनंतर मायक्रोमीटर लावा आणि पकडीची जागा बदला. पार्ट असा टांगा की बुडबुडे वर निसटतील. तबकडीखाली अडकलेला बुडबुडा सरकत गेला की त्याची रेघ उमटते. आतल्या वाटेत विद्युतप्रवाह आपणहून पोचत नाही. तिथे प्लास्टिकच्या कड्यांनी भिंतीपासून लांब धरलेली तांब्याची तार कॅथोड म्हणून घालावी लागते. ते जमणार नसेल तर आत लगदीच्या फिनिशवर थांबा आणि पासिव्हेशन (आम्लाने मोकळं लोखंड काढून स्टेनलेसचा संरक्षक थर बसू देणं) नीट करा.

हा बाथ हवेतलं पाणी ओढतो. कोकणातल्या जुलैत टाकी उघडी राहिली तर पाण्याचं प्रमाण वाढत जातं, आणि मग पॉलिश व्हायच्या जागी पृष्ठभाग कुरतडल्यासारखा मॅट होतो. झाकण ठेवा, घनता मोजत राहा. मिश्रण करताना सल्फ्युरिक हळूहळू फॉस्फोरिकमध्ये ओता. पाणी मिसळायची वेळ आली तर अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. कॅथोडवर हायड्रोजन निघतो, म्हणून एक्झॉस्ट चालू आणि ठिणगी लांब.

वापरलेल्या अॅसिडात आणि धुण्याच्या पाण्यात क्रोमियम आणि निकेल असतं. चुन्याने पीएच ८.५ ते ९ वर आणून त्यांचा गाळ बसवा, तो घातक कचरा म्हणूनच द्या, आणि उरलेलं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीप्रमाणे सामायिक सांडपाणी प्रकल्पाकडेच जाऊ द्या. गटारात सोडलेलं शेवटी खाडीत जातं, आणि तिथे कुणाच्या तरी जाळ्यात मासळी यायची असते. एखादा जॉब असेल तर टाकी उभारूच नका, बाहेरून करून घ्या.

इलेक्ट्रोपॉलिशनंतर बोअर आणि वेअर रिंगचं शेवटचं माप लेथवर काढा, मग त्या बोअरवर जी६.३ ग्रेडला (ही असंतुलनाची मर्यादा) डायनॅमिक बॅलन्सिंग. लगदीने आत सगळीकडे सारखा माल निघत नाही, म्हणून बॅलन्सिंग टाळू नये. जास्तीचं वजन मागच्या तबकडीवरून काढा, ती जागा नव्या, फक्त स्टेनलेसला वापरायच्या फ्लॅप व्हीलने ३२० ग्रिटपर्यंत घासून सारखी करा. आणि यानंतर, सगळ्यात शेवटी, पासिव्हेशन. पासिव्हेशननंतर कुठलंही हत्यार पार्टला लागता कामा नये.

पासिव्हेशनला नायट्रिकच हवं असं नाही. एएसटीएम ए९६७ या मानकात सायट्रिक अॅसिडची सोय आहे: ४ ते १० टक्क्यांचं द्रावण, ४९ ते ६० अंशांवर किमान १० मिनिटं, किंवा २१ ते ४९ अंशांवर किमान २० मिनिटं. बंद इम्पेलरला वेळ दुप्पट द्या आणि द्रावण वाटांतून खेळतं ठेवा. त्याआधी अल्कलाइन क्लीनरने तेल पूर्ण काढलेलं हवं. पाणी थेंबाथेंबाने न तुटता सलग पसरलं की समजा तेल गेलं. तपासायला कॉपर सल्फेटची साधी चाचणी आहे: २५० मिलि डिस्टिल्ड पाणी, १ मिलि सल्फ्युरिक, ४ ग्रॅम मोरचूद. हे द्रावण ६ मिनिटं पृष्ठभागावर ओलं ठेवा. जिथे लोखंड मोकळं आहे तिथे तांब्याचा गुलाबी डाग बसतो. तुमचा ठिपके आलेला इम्पेलर साफ करून ही चाचणी घ्या, मण्यांतून लोखंड आलं की नाही ते तिथल्या तिथे कळेल.

शेवटचं धुणं कुठल्या पाण्याने, हा किनाऱ्यावर खरा प्रश्न आहे. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलेला पार्ट सुकला की क्लोराइड पृष्ठभागावरच राहतं. शेवटची दोन धुणी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने घ्या, कंडक्टिव्हिटी मीटरवर १० मायक्रोसिमेन्सच्या आत असलेल्या, आणि कोरड्या गाळलेल्या हवेने वाटा सुकवा. मग लगेच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत. मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की आपणच पाणी होतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला. म्हणजे इथे पावसाळाभर खारा थर कधी सुकतच नाही. गुळगुळीत पृष्ठभागावरून तो धुतला जातो. खरखरीत पृष्ठभागावर गोळ्यांच्या बुडाशी टिकून राहतो आणि तिथूनच खड्डा सुरू होतो.

इतर धातूंबद्दल थोडक्यात. एएलएसआय१०एमजी अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन असल्यामुळे इलेक्ट्रोपॉलिश नीट होत नाही, पृष्ठभाग काळवंडतो. तिथे सिरॅमिक मीडियात व्हायब्रेटरी टंबलिंग, एका भागाला चार ते दहा भाग मीडिया आणि चार ते बारा तास. कडा गोल होतात, आटे झाकून ठेवा, आणि मीडियाचा आकार भोकात अडकणार नाही असा निवडा. अॅल्युमिनियम आणि स्टीलचं ब्लास्टिंग एका कॅबिनेटमध्ये कधीच करू नका. अॅल्युमिनियमची धूळ आणि गंजाची धूळ एकत्र आली की ठिणगीने भीषण पेट घेते. टायटॅनियमचं रासायनिक पॉलिशिंग हायड्रोफ्लोरिक अॅसिडने होतं. ते त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत जातं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, प्रशिक्षित माणसं आणि योग्य टाक्या नसलेल्या वर्कशॉपने त्याच्या वाटेला जाऊ नये. मॅरेजिंग स्टील स्टेनलेस नाही. टंबलिंगच्या पाण्यात गंजरोधक नसेल तर बाहेर काढून पुसेपर्यंत तांबूस होतं.

हातात असलेला इम्पेलर वाचेल का? पात्याची जाडी मोजा. २ मिमी किंवा जास्त असेल तर १२० नंबरच्या नव्या अॅल्युमिनाने तो चेपलेला पापुद्रा फोडा, बाहेरून लेथवर जेवढं माप सोडतं तेवढं घ्या, आत लगदीने ०.१ मिमी, मग इलेक्ट्रोपॉलिश आणि पासिव्हेशन. वेअर रिंगची जागा कमी पडेल. तिथे इम्पेलरवर कडी बसवा किंवा केसिंगची रिंग त्या मापाची करा. मात्र एक मर्यादा कुठलाच फिनिश ओलांडत नाही. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि नायट्रोजनवरून काढायचा पिटिंग-रोधाचा आकडा ३१६एलला २४ च्या आसपास येतो, आणि साचलेल्या समुद्राच्या पाण्यात फटीतलं गंजणं टाळायला तो ४० च्या वर लागतो. म्हणून पंप बंद करताना पाच मिनिटं गोडं पाणी फिरवा आणि केसिंग रिकामं करा. खारं पाणी आत साचूनच राहणार असेल, तर पुढचा इम्पेलर सुपर डुप्लेक्समध्ये किंवा निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझमध्ये घ्या.